मराठीत गणित असतं का?

नमस्कार मंडळी.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे व्यापारी आणि समाजसुधारक नाना शंकरशेट यांच्यावर बोलायचं म्हणून टिपणं काढत होतो. तेवढ्यात माझी नऊ वर्षांची नात टेबलापाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, मराठीत गणित असतं का?"

तिच्या लेखी मराठी म्हणजे आरती, लाडू आणि आजीचा फोन. मी "असतं" म्हणालो खरा, पण आपल्या घरात दाखवायला होतं काय? पावकी-निमकीचे पाढे घोकून वाढलेली माणसं आपण!

वडील गेले तेव्हा, १८२२ साली, नाना एकोणीस वर्षांचे होते. पेढीचा सगळा भार अंगावर, तरी मुंबईत शाळा निघाव्यात म्हणून हा माणूस झटला. त्याच दशकात शाळापुस्तकांचं काम पाहणारे जर्विससाहेब पंडितांना हाताशी धरून गणिताची पुस्तकं मराठीत आणत होते. म्हणजे नातीचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच छापून झालं होतं.

पुढे मुंबईच्या सरकारी शिक्षण मंडळावर वाद पेटला: शिकवायचं कोणत्या भाषेत? अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर. नाना आणि जर्विस मात्र देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांना इंग्रजीचं वावडं नव्हतं हो. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन त्यांनीच जपली, वाढवली. पण मूठभर मुलांना इंग्रजी येऊन बाकीच्या रयतेचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. मुलींच्या शिक्षणाला लोक नाकं मुरडत होते, तेव्हा गिरगावात मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. मला तर मुंबईत रेल्वे आणायला झटणाऱ्या नानांपेक्षा हे नाना मोठे वाटतात.

आणि आपण? गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटुकल्याची संहिता आपण रोमन लिपीत लिहून देतो. "त्यांना देवनागरी जड जातं," म्हणतो. अहो, शिकवल्याशिवाय हलकं कसं होईल? हे मी माझ्या घरालाही धरूनच बोलतोय.

त्या रात्री नातीला काटकोन, लघुकोन, विशालकोन शिकवले. विशालकोन तिला फार आवडला. दोन्ही हात पसरून घरभर म्हणत फिरली. झोपताना मात्र तिने विचारलं, "आजोबा, पण हे मी कुणाशी बोलू?"

रविवारी ती परत येणार आहे. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.