कोळंबीचं डोकं काळं का पडतं?

नमस्कार श्रोतेहो. रविवारी सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात हा संवाद हमखास कानावर येतो. गिऱ्हाईक कोळंबी उचलतं, डोक्याशी काळसर झाक दिसली की तोंड वाकडं करून परत पाटीत टाकतं. मावशी म्हणतात, "अहो, ताजी हाय, घ्या!" आणि पुष्कळदा मावशींचंच खरं असतं.

कारण ते काळेपण म्हणजे सडणं नव्हे. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसाच हा प्रकार. कोळंबीच्या अंगातलंच एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग तयार करतं. फ्रिजमध्ये त्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. शिवाय थंडीतही वाढणारे जिवाणू असतातच, आणि खरा वास त्यांच्यामुळे येतो.

काळे डाग टाळायला या धंद्यात सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात. ते गुणकारी आहे, पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. म्हणून संशोधक वनस्पतींकडे वळले. डाळिंबाची साल चघळून बघा, जीभ आवळते. हा तुरटपणा ज्या पॉलिफेनॉलांचा, तीच त्या एन्झाइमला आवर घालतात. ग्रीन टी आणि द्राक्षाच्या बियांतही ती असतात. आपल्याकडे रसवाले सालींचे ढीग फेकून देतात, हे आठवून मला जरा चुटपुट लागते.

पण नुसता अर्क कोळंबीवर टिकत नाही, ओघळून जातो. मग समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट कामी येतं. पाण्यात विरघळलं की ते पेजेसारखं बुळबुळीत होतं. त्यात अर्क मिसळायचा, कोळंबी बुडवून निथळायची आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यातून काढायची. लगेच अंगावर जेलीचा पातळ पापुद्रा धरतो. तो हवा अडवतो आणि अर्काला जागेवर धरून ठेवतो. अर्क जास्त झाला तर मात्र कोळंबीला रंग चढतो आणि चवही तुरटते. शिवाय लेप लावल्याने मिळतात ते काही दिवसच, आणि तेही कोळंबी मुळात ताजी असेल तरच. अमोनियासारखा वास सुटला असेल, तर कुठलाही लेप उपयोगाचा नाही.

घरी सालीचे प्रयोग नकोत. मावशींकडून बर्फ मागून घ्या. घरी आल्याबरोबर डोकी काढा, कारण काळेपणाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. चाळणीत कोळंबी, वर बर्फ, खाली भांडं, आणि दोन दिवसांत फस्त. डोकी मात्र टाकू नका. आमच्याकडे त्याच दुपारी त्यांचं कालवण होतं.