व्होल्डेमॉर्टपेक्षा अम्ब्रिजच जास्त डोक्यात का जाते?

हॅरी पॉटर वाचलेल्या कुणालाही विचारून बघा, सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो? माझ्या ओळखीतलं तर कुणीच मुख्य खलनायक व्होल्डेमॉर्टचं नाव घेत नाही. (त्याचं नाव घ्यायचंच नसतं म्हणा!) सगळे म्हणतात, डोलोरेस अम्ब्रिज.

२००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात ही बाई हॅरीच्या जादूच्या शाळेत शिकवायला येते. गुलाबी कार्डिगन, भिंतीवर मांजरींच्या बश्या, लाडिक आवाज. हॅरीला शिक्षा म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावते, पण शाई देत नाही. लेखणी कागदावर चालते आणि अक्षरं कोरली जातात हॅरीच्या हाताच्या पाठीवर. कागदावर उमटतं ते त्याचंच रक्त. आणि ही समोर निवांत बसलेली.

आता गंमत बघा. अम्ब्रिज व्होल्डेमॉर्टच्या टोळीत नाहीच! ती जादूगारांच्या सरकारात, म्हणजे मंत्रालयात, अधिकारी आहे. शाळेत यायच्या आधीच तिने नरलांडग्यांविरुद्ध (पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं) असा कायदा करून ठेवलाय, की हॅरीचे मास्तर लुपिन यांच्यासारख्या सज्जन नरलांडग्याला नोकरी मिळणं मुश्किल. पुढे सातव्या भागात मंत्रालय व्होल्डेमॉर्टच्या हातात जातं, तेव्हा तिला काही बदलावंच लागत नाही. मगल, म्हणजे जादू न येणाऱ्या माणसांच्या घरात जन्मलेल्या जादूगारांची चौकशी सुरू होते, तुम्ही जादू कुणाकडून चोरली ते सांगा म्हणून. चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीवर बाईसाहेब. गळ्यात एक लॉकेट, ‘आमच्या शुद्ध रक्ताच्या घराण्याचं’ म्हणून मिरवलेलं. प्रत्यक्षात ते एका भुरट्या चोराकडून लाच म्हणून उकळलेलं! व्होल्डेमॉर्टचं तरी काय वेगळं? शुद्ध रक्ताचा एवढा डंका, आणि याचा बाप मगल.

पण पूर्वग्रह फक्त खलनायकांकडे असता, तर हा व्हिडिओ मी केलाच नसता. तिसऱ्या भागात लुपिन नरलांडगा आहे हे कळताच हॅरीचा जिवलग मित्र रॉन त्याला झिडकारतो. वर्षभर ज्याच्याकडे आनंदाने शिकला, त्याच मास्तरांना! रॉन आपला, म्हणून आपण ते वाचून पुढे जातो.

आणि हॅरीचा धर्मपिता सिरियस. माणूस ओळखायचा तर तो आपल्यापेक्षा खालच्यांशी कसा वागतो ते बघा, हे चौथ्या भागात मुलांना सांगणारा सिरियसच. पाचव्या भागात त्याच्याच घरात क्रीचर नावाचा म्हातारा गुलाम एल्फ आहे आणि सिरियस त्याला उठता-बसता हिडीसफिडीस करतो. क्रीचरही काही गरीब गाय नाही. दिवसभर शिव्या पुटपुटतो, रक्ताच्या शुद्धतेवर त्याचा पक्का विश्वास. एकदा सिरियस त्याच्यावर ‘चालता हो’ म्हणून खेकसतो. क्रीचर तो हुकूम शब्दशः पाळतो आणि थेट शत्रूच्या घरी जातो. तिथून पुढची साखळी सिरियसच्या मरणापर्यंत पोचते. मग क्रीचर खलनायक का? सातव्या भागात हॅरी त्याच्याशी नीट बोलतो, त्याच्या लाडक्या मालकाची, म्हणजे सिरियसच्या मेलेल्या भावाची, आठवण त्याच्या हातात ठेवतो. तोच क्रीचर शेवटच्या लढाईत एल्फांना घेऊन व्होल्डेमॉर्टविरुद्ध उतरतो.

शाळेतले दुसरे मास्तर, स्नेप, यांच्यावर वेगळा व्हिडिओ मागू नका. त्याचं प्रेम खरं, शौर्यही खरं. पण हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? स्वतःच्या मास्तरांची, म्हणजे स्नेपची. हॅरीच्या आईवरच्या, लिलीवरच्या प्रेमाने ते पुसलं जात नाही.

माझी खरी तक्रार लेखिका जे. के. रोलिंगबद्दल आहे. पूर्वग्रहाविरुद्ध सात पुस्तकं लिहिली, पण दुष्ट माणूस दिसायला कसा? अम्ब्रिज बेडकासारखी, हॅरीला छळणारा मावसभाऊ डडली ढोल्या. आणि स्लिदरिन, शाळेतल्या चार गटांपैकी बदनाम गट! अकराव्या वर्षी एका टोपीने तिथे धाडलेली पोरं. शेवटच्या लढाईच्या वेळी थांबायचं की जायचं हे ठरतं, तेव्हा बाकी तीन टेबलांवर मोठ्या वर्गातली काही मुलं लढायला मागे राहतात आणि स्लिदरिनचं टेबल अख्खं रिकामं होतं. एकही मूल तिथे बसून राहिलेलं दाखवावं, असं लेखिकेला वाटलं नाही.