समोरच्याला भोपळा: मिशिगन, १९०१

(पडद्यावर: संघाचं कृष्णधवल छायाचित्र)

पन्नास-शून्य. सत्तावन्न-शून्य. तेहतीस-शून्य. एकोणतीस-शून्य.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९०१चा फुटबॉलचा मोसम असा सुरू केला. फुटबॉल अर्थातच तिकडचा. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. त्या काळी चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. सगळा मामला रेटारेटीचा. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाऊन, आणि त्याचे गुणही तेव्हा पाचच.

प्रशिक्षक नवा होता, फील्डिंग योस्ट. आदल्या वर्षी तो कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डकडे होता. पण यापुढे प्रशिक्षक आपल्याच माजी विद्यार्थ्यांतून घ्यायचा, असं स्टॅनफर्डने ठरवलं आणि योस्टला गाशा गुंडाळावा लागला. त्याच्या पाठोपाठ विली हेस्टनही कॅलिफोर्निया सोडून मिशिगनमध्ये दाखल झाला. पळण्यात तो वस्ताद.

योस्टचा मंत्र एकच: घाई. एक चाल संपून समोरचे अजून कपडे झटकताहेत, तोवर याचे खेळाडू पुढच्या चालीला तयार. लोक त्याला ‘हरी अप’ योस्टच म्हणू लागले.

२६ ऑक्टोबरला मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, बफेलोचा संघ आला. निकाल १२८-०. बफेलोचा एक खेळाडू दमून चक्क मिशिगनच्या बाकावर येऊन बसला, आणि ‘चुकून इकडे आलास’ म्हटल्यावर ‘चुकून नाही’ म्हणाला, असं सांगतात. असे किस्से तिखटमीठ लावूनच येतात. आकडा मात्र पक्का आहे.

मग कार्लाइल, ओहायो स्टेट, शिकागो, बेलॉइट, आयोवा. सगळ्यांच्या वाट्याला भोपळा.

(पडद्यावर: पॅसाडिना, फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक)

कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथे नववर्षाच्या दिवशी फुलांचा उत्सव भरायचा. १ जानेवारी १९०२ला त्यात पहिल्यांदाच फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनला आमंत्रण गेलं. समोर कोण? स्टॅनफर्ड. योस्टला नारळ दिलेलं तेच स्टॅनफर्ड!

सुमारे आठ हजार लोक जमले. बर्फातून आलेली मिशिगनची पोरं तिथल्या उन्हात चांगलीच तापली. पहिली तेवीस मिनिटं गुणफलक कोराच होता. मध्यंतराला मात्र १७-०. त्यानंतर बांध फुटला. मिशिगनच्या एकट्या नील स्नोने पाच टचडाऊन केले. मिशिगनचे अकरा जण शेवटपर्यंत तेच राहिले, एकही बदली नाही. स्टॅनफर्डचे गडी मात्र एकेक करून जायबंदी होत होते. आठ मिनिटं बाकी असताना त्यांच्या कर्णधाराने सामना थांबवायची विनंती केली. मिशिगनने ती मानली. ४९-०.

अकरा सामन्यांत ५५० गुण, विरुद्ध एकही नाही. मिशिगनवाले आजही हा आकडा छाती फुगवून सांगतात. मला मात्र दया येते ती पॅसाडिनाच्या आयोजकांची. त्यांना चुरस हवी होती, पदरी पडली कत्तल. त्यांनी फुटबॉलला कानाला खडा लावला. पुढे काही वर्षं तर तिथे चक्क रोमन थाटाच्या रथांच्या शर्यती झाल्या! फुटबॉल परतला १९१६ साली.

मिशिगन पुन्हा तिथे गेलं ते थेट १ जानेवारी १९४८ला. या खेपेला गाठ सदर्न कॅलिफोर्नियाशी होती. निकाल? पुन्हा ४९-०.