सिंहांच्या डोक्यावरचं चक्र

(दृश्य : सारनाथचं संग्रहालय. कॅमेरा सिंहांच्या पंज्यांपासून हळूहळू वर सरकतो.)

हा चुनारचा वालुकाश्म. घडवून सव्वादोन हजार वर्षं उलटली, तरी अंगावरची झिलई उतरलेली नाही. पाठीला पाठ लावलेले चार सिंह. जबडे उघडे, आयाळीची एकेक बट कोरलेली, पंज्यांवर ताणलेल्या नसा. शिल्प पुरुषभर उंचीपेक्षाही मोठं, साधारण सात फूट. आणि सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर एकामागून एक चाललेले हत्ती, बैल, सिंह आणि चौखूर उधळलेला घोडा. प्रत्येक दोन प्राण्यांच्या मध्ये एक चक्र. चोवीस आऱ्यांचं.

हे चक्र आपण सगळे ओळखतो. पण या शिल्पात आणखी एक चक्र होतं, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते.

मार्च 1905. फ्रीडरिख ऑर्टेल नावाचे अभियंते सारनाथला उत्खनन करत होते. मातीखाली अशोकाच्या स्तंभाचा बुंधा जागच्या जागी सापडला. वरचा भाग तुटून पडलेला होता. जवळच हे सिंह मिळाले, आणि त्यांच्यासोबत एका मोठ्या दगडी चक्राचे तुकडे. ते बत्तीस आऱ्यांचं धर्मचक्र सिंहांच्या डोक्यावर बसवलेलं होतं. म्हणजे मूळ शिल्पात सर्वांत वर सिंह नव्हतेच. सिंहांनी चक्र पेललं होतं.

बळ खाली, धर्म वर. इथे धर्म म्हणजे नीती, न्यायाची वाट. या एका रचनेत मला आपल्या राष्ट्रचिन्हाचा सगळा अर्थ दिसतो.

(दृश्य : शिलालेखातली ब्राह्मी अक्षरं, जवळून.)

हा स्तंभ उभारणारा राजा कोण, हे लक्षात घेतल्याशिवाय हा अर्थ पुरता कळत नाही. अशोकानं कलिंग जिंकलं. त्या युद्धाचा हिशेब त्यानं स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला : दीड लाख माणसं देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट इतर कारणांनी मेली. पुढे तो लिहितो की, याचं त्याला अतिशय दुःख होतं. विजयस्तंभ उभारणारे राजे जगाच्या इतिहासात पायलीला पन्नास सापडतील. आपल्याच विजयाचा पश्चात्ताप दगडावर कोरून गावोगाव वाचायला ठेवणारा राजा मला तरी दुसरा माहीत नाही. एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख नाही. तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांना ताकीद देणारे : सगळी प्रजा माझी लेकरं आहेत, कुणालाही विनाकारण कोंडू नका, छळू नका.

आपल्या महाराष्ट्रातही त्याचा शब्द पोहोचला होता. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) 1882 मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून हा राजा लोकांना भेटायला निघाला, ही त्या लेखातली हकीकत.

(दृश्य : संविधान सभेची जुनी छायाचित्रं.)

22 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरलेला नव्हता. संविधान सभेत जवाहरलाल नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. तोवरच्या तिरंग्यावर चरखा होता, आणि तो लोकांच्या मनात घर करून बसलेला होता. मग तो का बदलला? नेहरूंनी अगदी व्यवहारातलं कारण दिलं. चरख्याचं चाक एका बाजूला, चाती दुसऱ्या बाजूला. कापडाच्या मागून पाहिलं की सगळं उलटं. झेंडा दोन्हीकडून सारखा दिसायला हवा. म्हणून चरख्याचं चाक तेवढं ठेवलं आणि त्याला रूप दिलं सारनाथच्या चक्राचं. झेंड्याच्या रंगांकडे जमातींच्या नजरेनं पाहणं ही गैरसमजूत आहे, असंही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं.

त्याच सभेत राधाकृष्णन बोलले ते आजही मुळातून वाचावं असं आहे. भगवा रंग त्यागाचा, आणि तो त्याग त्यांनी आधी पुढाऱ्यांकडून मागितला. हिरवा रंग मातीशी असलेल्या नात्याचा. चक्र गतीचं, कारण साचून राहण्यात मरण आहे.

26 जानेवारी 1950 रोजी सिंहमुद्रा राजचिन्ह झाली. समोरून तीनच सिंह दिसतात, चौथा पाठीमागे. मूळ शिल्पात गोल पट्टीच्या खाली असलेलं उलटं कमळ वगळलं. मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ देवनागरीत आलं. संविधानाच्या हस्तलिखितासाठी हे सिंह रेखाटले दीनानाथ भार्गव यांनी. ते चित्रकार नंदलाल बोसांचे विद्यार्थी. सिंह खरा कसा बसतो, कसा बघतो, हे टिपायला ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात, असं सांगतात.

झेंड्याच्या कापडाचीही अशीच काळजी घेतली गेली. भारतीय मानकांच्या यादीत अगदी पहिला क्रमांक, ‘आयएस 1’, राष्ट्रध्वजाचा आहे. सूत किती, वीण कशी, रंगाची छटा कोणती, सगळं ठरलेलं. हुबळीत आणि आपल्या नांदेडला खादीचे ध्वज याच शिस्तीत तयार होतात.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

राजचिन्हात सिंहांवरचं ते मोठं चक्र नाही. ते आहे सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हात. सिंह खाली, बत्तीस आऱ्यांचं चक्र वर, सारनाथला होतं तसं. आणि खाली शब्द : ‘यतो धर्मस्ततो जयः’, जिथे धर्म तिथे जय.

या न्यायालयापुढे केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांचं प्रकरण आलं. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती ताठ, आदबीनं उभी राहत, पण गात नसत. त्यांची श्रद्धा त्यांना गाऊ देत नव्हती. 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. राष्ट्रगीताचा अपमान झाला, असं म्हणणारा वर्ग तेव्हाही मोठा होता, आणि त्यांच्या भावना खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण ऑगस्ट 1986 मध्ये न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला : राष्ट्रगीत गायलाच हवं, असा कोणताही कायदा नाही. उभं राहून त्यांनी मान राखलाच होता. त्यांना काढणं म्हणजे संविधानानं दिलेल्या विवेकाच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं आणि आपलं संविधान ती आचरतं, ती पातळ होऊ देऊ नका, असं निकालपत्रात लिहून न्यायालयानं तिन्ही मुलांना शाळेत परत घ्यायचा आदेश दिला.