कालनिर्णय बघा, मग वल्हं उचला

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज मी कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीतून, खाडीत मासे कसे धरायचे ते बोलणार आहे, आणि ते ऐकून आमच्या वाडीतले अर्धे लोक हसणार हे मला माहितीये, कारण कोकणात खाडीत गरवायला जायची कधी कोणाला शिकवणी लागलेली नाही, पोरगं पोहायला लागलं की त्याच्या हातात गरी, म्हणजे गळ, येतेच. पण हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी गाडीच्या टपावर लाल-पिवळी कयाक बांधून तारकर्ली-देवबागला यायला लागलीत, हातात भारीतला रॉड, डोळ्यावर गॉगल, आणि किनाऱ्यावर भेटले की सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, मासा कुठे लागतो?"

मासा कुठे लागतो ते सांगतो, पण जरा थांबा. आधी माझी फजिती ऐका.

कयाक घेतली त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. दिवस अमावास्येचा, मी आरामात जेवलो, एक वाजता कयाक पाण्यात ढकलली. कर्ली खाडी देवबागच्या पाठीमागून जाते, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची अरुंद पट्टी, आणि पट्टी संपते तिथे संगम, समोर भोगवे. मी वल्हं मारतोय न मारतोय तोवर कयाक नुसती पळतेय, मला वाटलं वा, काय आपला हात बसलाय. हात कसला, ओहोटी होती ती, अमावास्येची, अख्खी खाडी समुद्राकडे रिकामी होत होती आणि मी त्यावर कचऱ्यासारखा चाललो होतो. संगम जवळ दिसायला लागला, पुढे लाटा फुटताना दिसल्या तशी घाबरून मी नांगर टाकला, आणि नांगराची दोरी कुठे बांधलेली, तर कयाकच्या मधल्या हँडलला, कारण बसल्या जागेवरून हात तिथेच पोचत होता. दोरी ताणली, कयाक आडवी झाली, पाण्याने एका बाजूने दाबली आणि दोन सेकंदांत मी पाण्यात. रॉड गेला, पक्कड गेली, डबा गेला. लाईफ जॅकेट अंगात होतं म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. जाळं काढून परत येणाऱ्या एका होडीने मला आणि उलट्या कयाकला दोघांनाही ओढत आणलं.

संध्याकाळी शेजारचे तात्या आले. आयुष्य खाडीत गेलेला माणूस. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "पाणी खंय जाता ता आधी बघ रे, मासो मगे बघ."

तर पाणी कुठे जातंय हे बघायला ॲप आहेत, जरूर वापरा, पण आमच्याकडे त्याच्याही आधीपासून एक हिशोब चालत आलाय तो पाठ करून ठेवा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो नाहीतर वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो ना, तो पाऊण तास म्हणजेच हे तीन भागिले चार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, तेवढं धरून चाला. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली.

आता ह्यातून नवशिक्याने दिवस कुठला निवडायचा? माझं मत स्पष्ट आहे, एकादशी किंवा द्वादशी. बघा, द्वादशीला नऊला भरती, म्हणजे पहाटे पावणेतीनच्या सुमाराला पाणी खालून वर चढायला लागलेलं असतं. तुम्ही साडेसहाला उजाडता उजाडता निघालात की चढतं पाणी तुम्हाला अलगद खाडीच्या आत नेतं, नऊला पाणी थांबतं, सव्वानऊ-साडेनऊला उतरायला लागतं की तेच पाणी तुम्हाला घराकडे आणून सोडतं. जाताना पण फुकट येताना पण फुकट. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याला जोर कमी, आणि द्वादशीपर्यंत तो हळूहळू वाढत असतो, मासा हलायला पुरेसा, तुम्हाला वाहून न्यायला नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस हे उधाणाचे, ते पहिल्या वर्षी सोडून द्या. आमच्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मुंबईकडे तर चार मीटरच्या पुढे, तिकडच्या खाडीत म्हणजे ओहोटीला तुमची कयाक चिखलात बसली की पुढची भरती येईपर्यंत तुम्ही पण बसलात. उतरून ढकलायला जाऊ नका, गाळात गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत माणूस रुततो आणि कालवांनी पाय कापतो ते वेगळंच.

एकादशीला एक अडचण आहे, मासे धरता येतात पण घरी खाता येत नाहीत. आमच्या आईने त्यावर फ्रीज हा तोडगा काढलाय.

वाऱ्याचं पण ऐका. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, हलका. नऊ-दहाला तो पडतो, थोडा वेळ पाणी आरशासारखं, आणि मग अकरा-साडेअकरापासून खारा वारा समुद्रावरून आत शिरतो. ओहोटीचं पाणी बाहेर चाललंय आणि खारा वारा आत येतोय अशी दोघांची टक्कर झाली की त्याच गुळगुळीत खाडीत उभ्या छोट्या छोट्या लाटा उठतात, वल्हं मारून दंड भरून येतात आणि कयाक जागची हलत नाही. म्हणून साडेदहाला पाय वाळूत हवेत. मासा लागत असला तरी, खरंतर तेव्हाच जास्त लक्षात ठेवा, कारण अजून एक टाकतो अजून एक टाकतो करता करताच बारा वाजतात.

कयाकबद्दल फार बोलत नाही. नवशिक्याला वर बसायची सिट-ऑन-टॉप बरी, दहा ते बारा फुटी, तिच्या तळात आरपार भोकं असतात त्यातून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. लोक ती भोकं बघून घाबरतात, बुडेल म्हणून, नाही बुडत. आत बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की खाडीच्या मध्यात ते उपसायचं कोणी? पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा, कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करा आणि परत चढून दाखवा, पाच-सहा वेळा. पोट आडवं टाकायचं, पाय मारायचे, मग बूड फिरवायचं. किनाऱ्यावरची पोरं हसतील, हसू देत. लाईफ जॅकेट अंगात, मागे बांधून ठेवलेलं नाही. वल्ह्याला दोरी, गळ्यात शिट्टी, मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह केलेला, आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवा की किती वाजता परत येणार. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकालाच, मधे कधीच नाही, आणि दोरीची गाठ एका झटक्यात सुटणारी. मी तर खाडीत नांगर बंदच केलाय, बांबूची काठी चिखलात रोवतो आणि टोकाला अडकवतो, काम झालं.

आता मासा.

कांदळाची, म्हणजे खारफुटीची, मुळं पाण्यात बुडतात ना, ती माशांची बालवाडी आहे. कोळंबी, शेवट्यांची पिल्लं, छोट्या कुर्ल्या, सगळं तिथे लपलेलं. भरतीला पाणी मुळांत शिरतं तसा मोठा मासा पण मागोमाग आत जातो, तेव्हा गरी मुळांच्या कडेला टाकायची, अगदी हातभर अंतरावर, लांब पडली तर उपयोग नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी छोट्या छोट्या व्हाळांतून बाहेर पडतं आणि त्याच्याबरोबर कोळंबी वाहत येते, मग मोठा मासा व्हाळाच्या तोंडाशी रांगेत उभा, जेवणाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसा. भरती संपून पाणी वळतं तो पहिला पाऊण तास अशा तोंडाशी काठी रोवून बसा. माझे निम्म्याहून जास्त मासे त्या पाऊण तासातले आहेत.

कयाकचा फायदा इथेच कळतो. इंजिनाची होडी आली की मासा दबतो, किनाऱ्यावरून गरवलं तर पुढचे कांदळ आडवे येतात, आणि कयाक वीतभर पाण्यात आवाज न करता जाते. फक्त तुम्ही वल्हं कयाकवर आपटू नका, प्लॅस्टिक ढोलासारखं वाजतं.

सामान साधं. सात फुटी स्पिनिंग रॉड, तीन-चार हजार साईझचं रील, वीस-तीस पाऊंडाची ब्रेडेड (विणलेली) लाईन आणि पुढे गरीजवळ हातभर चाळीस पाऊंडाचा लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा. जिवंत कोळंबी मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, डोक्यावरच्या काट्याखालून गरी घालायची पण आतला काळा ठिपका चुकवून, तिथे टोचली की कोळंबी मेली. नाहीतर जिगहेडला, म्हणजे शिशाचं वजन असलेल्या गरीला, रबरी कोळंबी लावा, तळाला टेकवा, हळूच उचला, परत टेकवा. घाई केली की हात रिकामे.

तांबोशी लागली तर पहिल्या दोन सेकंदांत सगळा निकाल लागतो. खडकात नाहीतर मुळांत तिचं घर असतं, घास घेतला की ती सरळ घरात पळते, म्हणून रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटायला अडवणारा ब्रेक, आधीच घट्ट पाहिजे. खाडीत मिळते ती बहुतेक तरुण तांबोशी, मोठी झाली की ती बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जाते. जिताडा मात्र वेगळा माणूस. रायगडात त्याचा मान काय आहे हे पेण-अलिबागवाल्यांना सांगायला नको, गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. तो आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो, म्हणजे तुमच्या हातात आलेला मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. मी मोठे सोडून देतो, ह्यावरून घरी भांडणं झालीत, तुमचं तुम्ही ठरवा. तो हवेत उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली घ्या, दोरी सैल पडू न देता. आणि काहीच लागत नसेल तर बारीक गरीला कणकेची गोळी लावा आणि काळुंदर धरा. काळुंदराला हलक्यात घेणारा माणूस काळुंदर खाल्लेला नसतो.

एका माशाला मात्र हात लावू नका, शिंगाळा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, विषारी, कयाकवर तुमच्या मांड्यांच्या मधोमध तो फडफडतोय ही कल्पना करा. पक्कडीने गरी धरायची आणि कयाकच्या बाहेरच झटकून सोडायचा. लागलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टरकडे. उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, खाली पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेली असेल तर ती सरकून जाते.

आणि अजून काही, पटकन. खुंट्यांना बांधलेली जाळी दिसली तर लांबून वळसा घाला, ती कोणाची तरी रोजी आहे, तुमचा छंद आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथून आत शिरू नका, उलट उतरून दोरीला हात लावा, दोन बांगडे तरी मिळतील. मालवणला सागरी अभयारण्य आहे १९८७ पासूनचं, ठाणे खाडीत फ्लेमिंगोंचं आहे, तिथे आधी चौकशी करा, परस्पर कयाक घालू नका. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री ह्यांच्यात मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसायची हौस नको. आणि पावसात नाही म्हणजे नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची सरकारी बंदी यांत्रिक बोटींना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही, असं मला एकाने ऐकवलं होतं, खरं आहे त्याचं, पण वरून डोंगराचं लाल पाणी ओंडके घेऊन येतं तेव्हा खाडी कायदा वाचत बसत नाही. नारळी पौर्णिमा होऊ द्या, गणपती होऊ द्या, पाणी निवळू द्या, ऑक्टोबरपासून मे पर्यंत अख्खं मैदान तुमचंच आहे.

परत आलात की रीलवर गोडं पाणी ओता, जोरात फवारा नाही, हळू ओता, नाहीतर खार आत जातो आणि पुढच्या वेळी हँडल फिरत नाही.

चला, मी उठतो. उद्या एकादशी, सव्वाआठची भरती आहे, आणि आईने फ्रीजमधे आत्ताच जागा करून ठेवलीये.