दोन वर्षांचं कलम

(माहितीपटाचं निवेदन. चित्रण: ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४, सप्तशृंग गड आणि नाशिक शहर)

[दृश्य: सप्तशृंग गड, कोजागरीची रात्र. गर्दी, कावडी, संबळाचा आवाज]

कोजागरीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. कावडीवाले लांबलांबून नद्यांचं पाणी खांद्यावर घेऊन येतात, देवीला त्या पाण्याचा अभिषेक होतो. आणि याच रात्री राज्यभरातून तृतीयपंथी गड चढतात. कपाळभर मळवट, केसांत गजरा, डोक्यावर देवी. छबिना निघाला की गर्दी आपणहून बाजूला होते.

[दृश्य: एक बाई आपलं बाळ एका तृतीयपंथीच्या मांडीवर ठेवते]

लोक वाकून पाया पडतात. कुणी रुपया पुढे करतं. तो दाताखाली धरून परत दिला जातो, आणि घरी गेल्यावर दुकानाच्या गल्ल्यात नाहीतर देव्हाऱ्यात जपून ठेवला जातो.

[निवेदन थांबतं. फक्त संबळ]

गडावरचं चित्रण आमच्याकडे भरपूर आहे, अख्खा माहितीपट त्यातच होऊन गेला असता. पण गड उतरला, नांदुरीहून एसटी धरली, की दीड-दोन तासांत नाशिक येतं. पुढचं सगळं नाशिकचं आहे.

[दृश्य: सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळची वर्दळ. दोन हात, एका मनगटावर बांगडीची काच रुतल्याच्या खुणा]

हे हात गडावर रुपया परत देणाऱ्यांपैकीच एकीचे. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, एवढीच त्यांची अट आहे. दिवाळी झाल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. तीन पोरं आली. आधी टाळ्या वाजवून झाल्या, मग 'छक्का' म्हणून झालं, मग एकानं हात पिरगाळला. बांगड्या मनगटातच फुटल्या.

[दृश्य: टेबलावर एक कागद, कॅमेरा एका ओळीवर स्थिर]

पोलीस ठाण्यातून मिळाली ती ही एनसी. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय न्याय संहितेची दोन कलमं आहेत, ११५ (२) आणि ३५२: साधी दुखापत आणि अपमान. आणि मजकुराची ही ओळ बघा: 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ व मारहाण'.

तीन पोरांची आणि त्यांची ओळख नव्हती. उधारी नव्हती, भांडण नव्हतं, धक्का लागला नव्हता. मारायचं कारण एकच, त्या जे आहेत ते. कागदावर ते 'किरकोळ' झालं.

[दृश्य: जुना आग्रा रोड, जिल्हा न्यायालयाचा परिसर, काळे कोट, टंकलेखकांची टेबलं]

तृतीयपंथीयांसाठी वेगळा कायदा आहे ना? आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला की आपलं लिंग काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यानंतर पाच वर्षांनी संसदेनं तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा केला, १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमात गुन्हे सांगितलेत. वेठबिगारीला लावणं, सार्वजनिक जागेत जाण्यापासून अडवणं, घरातून किंवा गावातून हाकलणं, आणि जिवाला, शरीराला, मनाला इजा करणं. लैंगिक अत्याचारही त्यातच. शिक्षा सगळ्याला सारखी: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दंड.

खरी मेख त्या 'दोन वर्षां'त आहे. विशेष कायद्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला जातो. म्हणजे १८ वं कलम लावलं तरी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि आरोपीला जामीन हक्कानं मिळतो. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा. हाच अत्याचार तृतीयपंथीवर झाला तर या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं.

[दृश्य: काळाराम मंदिर, पूर्व दरवाजा, काळा दगड, आत जाणारी माणसं]

आता पंचवटीत या. द्वेषातून झालेला गुन्हा कसा ओळखायचा आणि कायद्यात कसा लिहायचा, हे या देशाला येत नाही असं नाही. आणि ते शिकण्याच्या वाटेवर नाशिकचा हा दरवाजा लागतो.

दलितांना मंदिरात जाऊ द्यावं म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात उभा केला, चालवला. मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले गेले. रामनवमीचा रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

[दृश्य: दरवाज्याच्या उंबऱ्यावरून आत जाणारी पावलं]

पुढे अस्पृश्यता नष्ट करणारं राज्यघटनेचं १७ वं कलम आलं. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला. तोही पुरला नाही म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला गावात नि ठाण्यात सगळे ॲट्रॉसिटी म्हणतात. त्यात एक उपकलम आहे, ३ (२) (५). दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा, समोरची व्यक्ती अनुसूचित जातीजमातीची आहे हे ठाऊक असताना केला, तर शिक्षा थेट जन्मठेप. अटकपूर्व जामिनाला मनाई. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. खटला विशेष न्यायालयात.

ॲट्रॉसिटीच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारींचा डोंगर आहे, तो वेगळा विषय. पण कायद्याची रचना बघा. माणूस कोण आहे यावरून त्याला मारलं, तर तो गुन्हा जास्त गंभीर. तृतीयपंथीयांच्या कायद्यात हेच उलटं झालं. माणूस कोण आहे यावरून शिक्षा कमी झाली.

[दृश्य: रात्री कॉलेज रोड. मोबाइलचा उजेड, हातात स्क्रोल होणारी स्क्रीन]

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल मंडळींसाठी तर ते दोन वर्षांचंही कलम नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर खटल्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, जुन्या दंडसंहितेच्या ३७७ कलमाची धार गेली, सज्ञानांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं, पण फिर्यादी म्हणून उभं राहायला जागा करून दिली नाही. डेटिंग ॲपवर खोटं प्रोफाइल, आडबाजूला भेटायला बोलावणं, मारहाण, व्हिडिओ, पैशांची मागणी. प्रकार सगळ्यांना माहीत आहे. कलम लागलंच तर खंडणीचं किंवा जबरी चोरीचं लागतं. आणि बहुतेक जण ठाण्याची पायरीच चढत नाहीत, कारण फिर्याद घरी पोचते.

१ जुलै २०२४ ला जुन्या दंडसंहितेच्या जागी नवी न्याय संहिता आली आणि जुनं ३७७ मुळासकट गेलं. ऐकायला बरं वाटतं. पण बळजबरी झालेल्या सज्ञान पुरुषाला दाद मागायला तेच एक कलम उरलं होतं. त्याच्या जागी काहीच आलं नाही.

[दृश्य: नाशिक–धुळे महामार्ग, चालत्या गाडीतून]

संहितेत एक नवं उपकलम मात्र आहे, आणि ते वाचताना आपल्याच भागातली एक घटना आठवते. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एका याचिकेत सांगितलं, की झुंडबळीसाठी वेगळा गुन्हा करण्याचा संसदेनं विचार करावा.

आज ते १०३ (२) आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. जबर दुखापतीसाठी ११७ (४), सात वर्षांपर्यंत. लैंगिक कल आणि लिंगओळख या यादीत नावानं नाहीत. वकील नाल्सा आणि नवतेज हाताशी धरून 'लिंग' आणि 'तत्सम' मध्ये त्यांना बसवू शकतील, न्यायाधीश मान्यही करतील. पण त्यासाठी मारणारे पाच हवेत. रिक्षास्टँडवर तीनच होते.

[दृश्य: नोटरीचं टेबल. प्रतिज्ञापत्र, शिक्का, निळी शाई. तेच हात सही करतात]

आम्ही सोबत होतो तेव्हा त्या ओळखपत्राच्या मागे होत्या. २०२० च्या नियमांप्रमाणे अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. तेव्हा वैद्यकीय तपासणीची गरज नव्हती. टंकलेखकानं विचारलं, 'नाव जुनं घालू की नवं?' त्या म्हणाल्या, 'दोन्ही घाल बाबा, आधार अजून जुन्यावरच आहे.' मग एक ओळ खोडली, कागद बदलला, स्टॅम्पपेपर वाया गेला, नवा आणला. पत्त्याचा पुरावा त्यांच्या तृतीयपंथी गुरूच्या घराचा, वीजबिल गुरूच्या नावावर, म्हणून गुरूचं संमतीपत्र जोडलं.

[दृश्य: कार्ड हातात, फोटोवर अंगठा]

कार्ड आलं. तपास सुरू झालेला नाही.

[दृश्य: वकिलांच्या खोलीतलं टेबल, कायद्याची पुस्तकं, चहाचे कप]

याच नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तृतीयपंथी संरक्षण कक्ष असायला हवा, आणि गुन्ह्याची नोंद, तपास आणि खटला वेळेत होतो की नाही यावर त्यानं नजर ठेवायची आहे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर या समाजाला त्रास देण्याची मनाई पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच लिहिली गेली. इथे मागणी कक्षापुरती ठेवून भागणार नाही. शिक्षा तीन वर्षांच्या वर न्या, गुन्हा दखलपात्र करा, लैंगिक कल नावानं लिहा.

तोपर्यंत इथल्या वकीलबाई अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगतात, ते ऐका.

फिर्याद संहितेखाली आणि १८ व्या कलमाखाली, दोन्हींखाली द्या. गुन्हा दखलपात्र असेल आणि ठाणं हद्दीचं नाही असं कुणी म्हटलं, तर शून्य क्रमांकानं एफआयआर घ्यायला सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. एनसीवरच बोळवण झाली तर तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. आणि हात उगारण्याआधी ते काय म्हणाले, ते शब्द कितीही घाण असले तरी जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा. 'किरकोळ कारणावरून' लिहिलं असेल, तर सही करू नका.