निसटलेले फोटो आणि फोटोत नसलेली आई

एकोणिसाव्या शतकातल्या लहान मुलांच्या फोटोंचा एक विलक्षण प्रकार आहे. बाळ एकटंच खुर्चीत बसल्यासारखं दिसतं, पण निरखून पाहिलं की कळतं, त्याच्यामागे खुर्ची नाहीच. कापड पांघरून कुणीतरी बसलंय. बहुतेकदा ती आई असे. त्या काळी फोटो उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात बाळ हललं तर चेहरा पुसट व्हायचा. म्हणून आईने त्याला धरून ठेवायचं आणि स्वतः झाकून घ्यायचं. फोटो चौकटीत बसवताना उरलीसुरली आईसुद्धा कडेच्या पुठ्ठ्याआड जायची.

आज ते कापड गेलं. तरीही घराघरातल्या अल्बममध्ये आई सापडत नाही, कारण कॅमेरा तिच्याच हातात असतो. मैत्रिणींनो, काढायचे राहून निसटलेल्या फोटोंपेक्षा मला हे जास्त सलतं.

निसटलेल्या फोटोंबद्दल मात्र मला नेहमी विचारलं जातं. ‘बाळाने पहिलं पाऊल टाकलं आणि नेमका फोन जवळ नव्हता.’ हे सांगताना कितीतरी आयांचा आवाज कातर होतो. मी विचारते, मग तुमचे हात काय करत होते? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: बाळासमोर पसरलेले होते. अहो, मूल त्या हातांकडेच तर चालत आलं! ते कॅमेऱ्यात गुंतले असते तर कदाचित पाऊल त्या दिवशी पडलंच नसतं. फोटो नाही याची हळहळ वाटते, वाटू द्या. पण तिचा अपराधीपणा करू नका.

आणि फोटो मिळाला असता, तरी तो क्षण पुरता तुमचा झाला असता असं नाही. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर जातो आणि तेवढ्यापुरतं व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, काळोख होतो. जे फोटोत उतरतं, नेमकं तेच काढणाऱ्याला दिसत नाही. इतकी वर्षं फोटो काढण्याचं काम करूनही मला याचं नवल वाटतं.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं; काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या पाहायच्या. नंतर विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. पण ज्यांनी झूम करून वस्तूच्या एखाद्या भागाचा फोटो काढला होता, त्यांच्या आठवणीला असा फटका बसला नाही. संग्रहालयातली वस्तू म्हणजे आपलं लेकरू नव्हे, मान्य. तरी माझा अनुभव याला जुळणारा आहे. धडाधड काढलेल्या फोटोंपेक्षा झोपलेल्या बाळाच्या मुठीकडे बघत बघत काढलेला एक फोटो मनात अधिक टिकतो.

इथे मला अमेरिकन छायाचित्रकार इमोजन कनिंगहॅम आठवतात. १९१५ साली त्यांना पहिला मुलगा झाला, १९१७ साली जुळे. तीन लहान मुलं सोडून फोटोंसाठी हिंडणं शक्य नव्हतं. मग मुलांवर लक्ष ठेवत त्यांनी आपल्याच बागेतल्या झाडाफुलांचे फोटो काढायला घेतले. १९२५ च्या सुमारास त्यांनी टिपलेलं मॅग्नोलियाचं फूल आज त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या कामांत गणलं जातं. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना तर १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं. ‘आता मुलांत अडकले, माझी फोटोग्राफी संपली’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी या दोघींबद्दल सांगते.

आता थोडं कामाचं. पाणी, आग आणि उंची जिथे असेल, तिथे कॅमेरा हातात घ्यायचाच नाही. आंघोळीच्या टबाशी एकटी आई आणि तिच्या हातात फोन, हे मला बघवत नाही. बाकी वेळी कॅमेरा हाताशी येईल पण मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी, चार्ज करून ठेवा. धावत्या मुलासाठी शटरस्पीड, म्हणजे फोटो उमटायचा वेळ, १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. प्रकाश कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवा. त्याने फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्या चेहऱ्यापेक्षा ते बरे. खिडकीजवळ जमिनीवर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या. दोन-चार फोटो काढा आणि कॅमेरा बाजूला ठेवून खेळायला लागा. जो फोटो हुकला, तो त्याच रात्री वहीत तारीख घालून दोन ओळींत लिहा. उजेड कुठून येत होता, मुलाच्या अंगात कोणते कपडे होते, ते काय बोललं. मुलांना पुढे अशा वह्या अल्बमइतक्याच आवडतात.

आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. इथे बसलेल्या बाबांनो, हे तुम्हालाही सांगतेय: ती केस विंचरून तयार होईपर्यंत थांबू नका. मूल मांडीवर घेऊन ती घास भरवत असते, तेव्हा काढा. घरातल्या चार-पाच वर्षांच्या पोरालाही काढू द्या. तो खालून काढेल, फोटो तिरका येईल, आईचं कपाळ कापलं जाईल. तो फोटो पुसायचा नाही, छापून अल्बममध्ये लावायचा. छापण्यासाठी कागद कोणता घ्यावा असं मघाशी कुणीतरी विचारत होतं, त्यापासूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.